पीटर ग्रेडी कोण होता

प्रिय रेनी,

क्लीव्हलंडला थंडी पडली असेल. इथे लॉस एंजेलिसात अजून खिडक्या उघड्याच आहेत. तुझे वडील रविवारी माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतात आणि हरायला लागले की कॉफी मागतात. तब्येत बरी आहे, फक्त कानांनी दगा दिलाय.

तुझ्या लग्नात तू त्यांना म्हणालीस, "डॅड, मित्रांची नावं सांगून टाकली असती तर आपलं घर तरी राहिलं असतं." मी शेजारीच उभी होते. ते काही बोलले नाहीत. कम्युनिस्ट मित्रांची नावं मागणाऱ्या सरकारी चौकशी समितीपुढेही त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मग त्यांच्या पटकथांना स्टुडिओंनी दारं लावली आणि तुझी आई तुला घेऊन माहेरी गेली, इथवर तुला ठाऊक आहे. ते गालिचे विकत राहिले, हेही.

पण ते लिहीतही राहिले, रेनी. शुक्रवारी टीव्हीवर लागणाऱ्या त्या अंतराळ मालिकेच्या लेखकांत मी एकटी बाई होते. तुझ्या वडिलांच्या संहिता मी नेऊन द्यायची, वर त्यांच्या बंदी असलेल्या नावाऐवजी पीटर ग्रेडी. आमचा निर्माता हॅलोरन विचारायचा, "अगं, हा ग्रेडी भेटतो तरी कधी?" मी सांगायची, "मोंटानात असतो. माणसं दिसली की त्याच्या अंगावर पित्त उठतं." तो म्हणायचा, "मग लाख माणूस! बाकीचे रोज येऊन माझं डोकं खातात."

त्यातला एक भाग लोक अजून विसरलेले नाहीत. अंतराळवीर घरी परततो, पण तो कुणाला दिसत नाही, त्याचा आवाज पोचत नाही. त्याची लेक अंगणात दोरीवर उड्या मारत असते आणि तो शेजारी उभा राहून मोजत असतो. शेवटी मुलीने बापाला ओळखावं, असा हॅलोरनचा हट्ट होता. एरवी स्वल्पविरामासाठीही न भांडणारे तुझे वडील मला म्हणाले, "नाही. तो तिला दिसत नाही, यात तिचा काही दोष नाही. एवढं बदलू देऊ नकोस." मी भांडले. शेवट तसाच राहिला.

आता लेखक संघाने त्या काळातली खोटी नावं काढून खरी लावायचं ठरवलंय; मालिका टीव्हीवर पुन्हा लागेल तेव्हाही तीच दिसतील. फोन आला तेव्हा ते माझ्याकडेच होते. हातातलं प्यादं पटावर ठेवून म्हणाले, "रेनीकडे टीव्ही आहे ना गं?" पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संघाच्या थिएटरात तो भाग त्यांच्या नावानिशी दाखवणार आहेत. तुला बोलवू म्हटलं तर, "तिला कशाला त्रास," म्हणाले. म्हणून त्यांना न विचारता लिहिते आहे. टीव्हीवर बघू नकोस. ये. त्यांच्या शेजारी तू बस, मी मागच्या रांगेत बसेन.

तुझी वाट बघणारी,
एस्टेल आँटी