निसटलेली चप्पल

प्रिय लंब्या,

रोज हॉस्पिटलात येतोय, तुझ्या खाटेशी बसून दुकानातल्या गमती सांगतोय आणि जे सांगायचं असतं ते तसंच घेऊन परत जातोय. गिऱ्हाइकांपुढे अखंड चालणारी माझी टकळी तुझ्यापुढे बंद पडते. म्हणून शेवटी लिहायला बसलो.

गेल्या वर्षी माझी सायटिका उठली, तेव्हा तुझ्याच खांद्याचा आधार घेऊन मी त्या कायरोप्रॅक्टरकडे गेलो होतो. कमरेपासून पोटरीपर्यंत अशी कळ जायची की उभ्याने कात्री धरवत नव्हती. त्या भल्या माणसाने मणके दाबून, व्यायाम लावून मला ऑपरेशनाशिवाय बरं केलं, आणि मी जणू स्वतःच डॉक्टर झालो! दाढीला साबण लावता लावता दिसेल त्याला सल्ले द्यायचो. मग तुझाही पाय तसाच आखडला. दिवसभर वस्तरा चालवणारा तू, पण सुई बघितली तरी तुला घाम फुटतो. सर्जनने ऑपरेशनाचं नाव काढताच तू पांढराफटक पडलास आणि मी छाती फुगवून म्हणालो, चल माझ्याबरोबर.

तो कायरोप्रॅक्टर हात लावण्याआधी प्रश्न विचारतो. पाय बधिर होतो का? पाऊल उचलायला जड जातं का? यातल्या एकालाही हो म्हटलं की तो थेट सर्जनकडे परत पाठवतो, हे मला ठाऊक होतं. तुझी बोटं बधिर होतात हेही तू मला आदल्याच दिवशी सांगितलं होतंस. तरी रस्ताभर मी तुला पोपटासारखं पढवलं, सगळ्याला नाही म्हण, नाहीतर ऑपरेशन बोकांडी बसेल. माझ्यावर विश्वास ठेवून तू तसंच म्हणालास.

पुढे एकदा गिऱ्हाइकाची दाढी करताना तुझी चप्पल पायातून निसटली आणि तुला पत्ताच नाही. एका पायाने अनवाणी तू खुर्चीभोवती फिरत होतास. अख्खं दुकान हसलं, सगळ्यांत मोठ्याने मी. तुला लगेच सर्जनकडे न्यावं हे मला सुचलं नाही असं नाही रे, सुचलं होतं. पण मग माझं शहाणपण सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. त्या हसण्याची मला फार लाज वाटते.

आता तुझं पाऊल लोंबतंय आणि वहिनी त्याचं खापर कायरोप्रॅक्टरवर फोडताहेत. तू गप्प आहेस ते मला वाचवायला, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. आज सकाळी मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या तुझ्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, पाऊल कधीपासून बधिर आहे असं सर्जनने विचारलं, तेव्हा तू याच आठवड्यापासून म्हणून सांगितलंस.

उद्या ऑपरेशनाआधी सर्जन तुला पुन्हा विचारतील. त्यासाठीच ही चिठ्ठी वहिनींच्या हाती देतोय. सर्जनना बधिर बोटांचं सांग, चपलेचं सांग, माझं नावही सांग. पाय पुरता बरा होईल की नाही ते मला माहीत नाही. पण लंब्या, या खेपेला मी पढवलेलं उत्तर देऊ नकोस.

तुझाच,
शेजारच्या खुर्चीवाला बुटक्या