मिठाची रेघ

मंगळवार, संध्याकाळ

काल समुद्री माशांच्या टँकखाली परत ओलं. बोट लावून चाखलं, खारट. म्हणजे टँकच गळतोय. खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय. आई म्हणते, "रविवारपर्यंत थांबलं नाही तर मासे दुकानात देऊन ये." देणार नाही.

काचेचे सगळे सांधे कोरडे. मग कुठून? आईला म्हटलं, "एक दिवस फरशी पुसू नकोस."

"दिवेलागणीला असलं ठेवू? वेडा की काय रे?"

पण ठेवलं. आज पाणी सुकून मिठाची रेघ उमटली, स्टँडच्या पायावरून थेट पंपाच्या नळीपर्यंत. रोज पुसत होतो ती हीच रेघ!

नळीला नवा वॉशर बसवला. खाली पेपर पसरलाय. आता आईच सारखी वाकून बघतेय. "कोरडंय रे," म्हणाली. सकाळी परत बघणार. फडकं मात्र मी लपवलंय.