मॅनेजरच्या गरम ऑफिसात धरणं

टोरांटो, १८ जानेवारी २००४

आई,
तुला आणि ज्ञानदेवमामांना बर्फातून गरमागरम जय भीम.

घर आता उबदार आहे, हे आधी वाच, मग पुढचं.

गेल्या आठवड्यात बाहेर उणे पंचवीस आणि आमच्या इमारतीचं हीटिंग बंद. बाळंतीण दीपमाला ओव्हन उघडा ठेवून तुझ्या नातीला शेकत होती. मॅनेजर रोज म्हणायचा, "उद्या बघू." फोनवर तू बजावलं होतंस, "भांडू नको रं, परमुलूख हाय." पण आई, भाडं घेणाऱ्यानं ऊब द्यायलाच हवी, ती काही मेहरबानी नाही.

मग आपण पौडच्या तहसील कचेरीपुढे धरतो तसंच धरणं धरलं. सगळी बिऱ्हाडं चटया, पोरं, डबे घेऊन तळमजल्यावरच्या त्याच्या गरम ऑफिसात बसली. लेकीला घेऊन दीपमाला सगळ्यांत पुढे.

"हे काय चाललंय?" तो ओरडला.

मी म्हणालो, "ऊब तुमच्याकडेच आहे, म्हणून राहायला आलो."

शेजारची पंजाबी आजी म्हणाली, "चाय भी पिलाओ!"

संध्याकाळी बॉयलर सुरू झाला!

आता घर खाली करायला सांगतील, अशी दीपमालाला धास्ती वाटते. सांगू देत, मी बोलायला आहेच. तुझे गुडघे शेकतेस ना?

आत्ता लेक गोधडी लाथाडून उघड्या पायांनी झोपली आहे.

तुझं न ऐकणारा,
रवी