नळाखाली वीस मिनिटं

३ मार्च
ऑफिसात प्रथमोपचाराचं ट्रेनिंग. सर्टिफिकेट मिळालं, लगेच लॅमिनेट केलं. भाजल्याचा धडा इतका भिनला की शिकवणाऱ्या नर्सबाईंच्या दोन चुकाही काढल्या. त्यांनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं. जागा हवेशीर होती. मुख्य सूत्र: भाजलं की वीस मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही.

४ मार्च
घरी जाहीर केलं, यापुढे भाजण्या-पोळण्याचं खातं माझ्याकडे. ही म्हणाली, आधी बाथरूमचा बल्ब बदला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने भरवशाने एक काम माझ्यावर सोपवलं असेल तर शपथ! आता संधी मिळू दे, दाखवतोच. कुणी भाजावं अशी इच्छा अर्थातच नाही. थोडंसं चालेल.

६ मार्च
अजून कुणी भाजलेलं नाही. सासूबाई मुक्कामाला आल्यात. भाजलं की टूथपेस्ट, या मताच्या. त्यांच्या बॅगेतली ट्यूब जप्त केली. मग दात कशाने घासू, असं विचारत होत्या. विषयाला सोडून बोलायची सवय.

९ मार्च
सराव सुरू. डावा हात नळाखाली, घड्याळ समोर. वीस मिनिटं म्हणजे चेष्टा नाही. मग उजवा. मग दोन्ही पाय, कारण माणूस काही अवयव निवडून भाजत नाही. हिने बजावलं, आपल्या टाकीत पाणी दिवसातून एकदाच चढतं. म्हटलं, जीव मोठा की टाकी? ही तडक आत गेली. दार धाडकन लागलं, वारा असेल.

१२ मार्च, सकाळी
आज सासूबाईंचीही तालीम घेतली. म्हटलं, भाजलंय असं समजा. त्या म्हणाल्या, जावयाच्या घरी आल्यापासून तेच समजतेय. खेळकर बाई.

१२ मार्च, दुपारी
पातेल्यावरचं झाकण काढताना वाफेने हिचं मनगट भाजलं. आली वेळ! हिला सिंकपाशी नेलं. सूज यायच्या आत अंगठी काढली (हे किती जणांना सुचतं?). रुबाबात नळ सोडला. नळ खाकरला, दोन थेंब टाकले आणि गप्प. सगळी टाकी सकाळच्या तालमीत गेलेली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात वाहतं पाणी तेवढंच.

सूत्रात पुढचं काही नव्हतं, म्हणून घड्याळाकडे बघत राहिलो. सासूबाईंनी हिला धरून थेट शेजारच्या काकूंच्या नळाखाली नेलं. मी सूचना देत मागोमाग गेलो. काकूंनी दार लावून घेतलं.

१३ मार्च
डॉक्टर म्हणाले, लगेच पाण्याखाली धरलंत म्हणून निभावलं. म्हणजे माझ्याच सूत्राचा विजय. हे हिला सांगितलं. हिने टीव्हीचा आवाज वाढवला. सासूबाईंनी आणखी वाढवला. काकू तर मला बघून जिन्यातूनच मागे फिरल्या.

१५ मार्च
शेवटी हिने एक जबाबदारी माझ्यावर सोपवलीच! घरात पुन्हा कुणी भाजलं, तर मी ताबडतोब चपला घालून बाहेर पडायचं आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. किती भरवशाने सांगितलं! सासूबाई म्हणाल्या, शुभस्य शीघ्रम्, एकदा सराव होऊनच जाऊ दे.

जिन्यात बसून लिहितोय. अजून कुणी बोलावलेलं नाही.