नाव न घेतलेली माफी

मंगळवार, संध्याकाळ. हिंगोली

त्या नटाचा माफीचा व्हिडिओ दुपारी आला. खरा आहे का, म्हणून त्याच्या व्यवस्थापकाला फोन केला. म्हणाला, "हो, आमचाच आहे. आता विषय संपवा."

संपवा म्हणे. रविवारी वसमतला साडीच्या दुकानाच्या उद्घाटनात या नटानं निवेदन करणाऱ्या शोभाच्या हातातला माइक ओढला, भर गर्दीत तिच्या बोलण्याची नक्कल केली, वर "हिला आधी मराठी शिकवा" म्हणाला. शोभा कुरुंद्याची. निवेदनावर तिचं घर चालतं. आणि व्हिडिओत काय, तर "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर..." कुणाच्या म्हणजे? तिचं नाव एकदाही नाही.

संपादकांना 'नटाने मागितली माफी' असा मथळा हवा होता. मी 'नटाचा व्हिडिओ. शोभाचं नाव नाही' असा पाठवला. कुरकुरले. बदलला नाही.

शोभाला फोन केला. रडवेली असेल असं वाटलं होतं, पण हसली. "सर, त्यानं माफी मोबाइलला मागितली, मला काहून विचारून राहिले? आमच्यात चुकलेला माणूस घरी येऊन पाणी पितो, मंग मिटतं. त्याला येळ न्हाई, तर मीच तांब्या घेऊन जाते."

परवा तो जवळा बाजारला दुसऱ्या दुकानाच्या उद्घाटनाला येतोय; तिथलं निवेदनही शोभाचंच ठरलंय. निवेदिका बदला, असा व्यवस्थापकाचा निरोप होता. दुकानदारानं ऐकलं नाही. म्हणजे माइक शोभाकडेच, बोली तिचीच. सगळ्यांसमोर ती त्याला पाणी देणार. प्यायला, तर माफीचा मथळा मी स्वतः लिहीन. नाही प्यायला, तर तेही छापून येईल.