दवाखान्याशेजारचा निळा गेंडा

तीर्थस्वरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं साष्टांग या खेपेला अक्षरशः खरं धर. हे पत्र मी फरशीवर पालथा पडून लिहितोय, कारण आमची ढमी पलंगाखाली आहे आणि तिच्याशी बोलायचं तर डोकं तिथवर खाली न्यावं लागतं.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? मी कसा आहे ते मात्र विचारू नकोस. विचारलंस तर सांगवणार नाही, आणि नाही विचारलंस तरी पुढे सगळं तेच आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तरी मी कशासाठी रडतोय ते तुला ठाऊक असेल. ढमी माझ्याजवळ येईनाशी झाली आहे. जी मुलगी बालवाडीत ‘माझे बाबा खेळण्यांचे आहेत’ असं सांगत फिरायची (जणू मीच लाकडाचा आहे), ती आता मी सकाळी कंपनीचा निळा सदरा अंगात घातला की भोकाड पसरते आणि पलंगाखाली जाऊन बसते. संध्याकाळी आलो की दाराआडून टकामका बघत राहते, पण जवळ येत नाही. वर माझ्या वस्तू नाहीशा होतात. आधी कंपनीची टोपी गेली, मग गळ्यात घालायचं ओळखपत्र, मग डाव्या पायाचा बूट, आणि आज दुकानाची चावीच सापडत नाही. (म्हणून तर पत्र लिहायला सवड झाली. साहेबांचे फोन येताहेत, मी उचलत नाही.) एवढीशी पोर माझा एवढा राग करते, मावशी, की मला खरंच रडू येतं. बायको म्हणते, केलंस ते भर. ती चुकीचं बोलत नाही, हाच तर त्रास आहे.

तुला वाटत असेल, खेळण्यांचं दुकान काढायला लागतं काय? गाळा रिकामा दिसला, शटर वर केलं, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या कंपनीत दुकानाची जागा शोधायला अख्खा एक विभाग आहे. (विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि भिंतीवरचा शहराचा नकाशा. खुर्ची डुगडुगते.) आजवर आमची खेळणी दुसऱ्यांच्या दुकानांत, साबण आणि वह्यांच्या मधल्या फळीवर अंग चोरून बसायची. साहेबांना कंपनीच्या नावाचं स्वतःचं दुकान हवं होतं, दारात आमच्या निळ्या गेंड्याचा पुतळा उभा असलेलं. हा गेंडा म्हणजे कंपनीची खूण, प्रत्येक खोक्यावर दात काढून हसत असतो. साहेबांच्या मते अशा दुकानात नुसती खेळणी विकायची नसतात, मुलांना ‘अनुभव’ द्यायचा असतो. (तो आम्ही भरपूर दिला, ते पुढे येईलच.) मग काय, मी फुटपाथ झिजवले आणि शिकलो. दुकान घरी परतायच्या वाटेवर हवं, कारण जाताना कुणी खेळण्याचं ओझं करून घेत नाही. आइसक्रीमवाल्याशेजारी नको, हात चिकट असतात. बुटांच्या दुकानाशेजारी चालेल, कारण माप देताना गप्प बसलेल्या पोराला काहीतरी बक्षीस द्यावंच लागतं. वरच्या मजल्यावर मुळीच नको. आजीबाई जिने चढत नाहीत, आणि नातवंडासाठी बटवा मोकळा सोडतात त्या आजीबाईच. एका चौकात मी लोकांची मुलं न्याहाळत बराच वेळ उभा राहिलो, तर हवालदाराने मला बाजूला घेतलं. मी म्हणालो, वर्दळ बघतोय. ते ऐकून त्याचा संशय पक्का झाला, आणि साहेबांना येऊन मला सोडवून न्यावं लागलं.

आणि मग तो दिवस उगवला. ढमीला लस टोचून आणायला आपण दादाच्या दवाखान्यात गेलो होतो, आठवतं? (तुझा मुलगा लहान मुलांचा डॉक्टर झाला याचा मला अगदी परवापरवापर्यंत अभिमान होता.) तू ढमीला आधीच सांगितलंस, की टोचणार आहेत, दुखेल, मग थांबेल. नंतर गाल फुगवून तिच्या दंडावर फुंकर घातलीस, आणि कार्टी हूं की चूं न करता बाहेर आली. यातून शहाण्या माणसाने काहीतरी शिकावं की नाही? मी भलतंच शिकलो. माझं लक्ष बाहेरच्या बाकांवर होतं. आतून येणारं प्रत्येक मूल टाहो फोडत होतं, आणि प्रत्येकाचे आईबाप एकच पालुपद लावून बसले होते, रडू नको राजा, तुला खेळणं घेऊ. एक गृहस्थ, चेहऱ्यावरूनच कवडीचुंबक, मुलीला चक्क सायकल कबूल करून बसले. आणि दवाखान्याला भिंत लावून फरश्यांच्या दुकानाचा गाळा रिकामा! माझ्या अंगावर काटाच आला. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझी खुर्ची दुरुस्तीला पाठवली. (ती अजून आलेली नाही. ऑफिसात मी उभाच असतो.)

दुकान उघडलं, आणि सुरुवातीचे दिवस काय सांगू तुला! मुलं शेजारून रडत निघायची आणि आमच्याकडे हसत शिरायची. पण आईबाप ही जात आपण समजतो त्याहून लबाड असते, मावशी. त्यांनी डोकं चालवलं, की टोचून झाल्यावर खेळणं घेऊन देण्यापेक्षा आधीच खेळण्याच्या नावाने पोराला आणलं तर? मग ‘चल, गेंड्याच्या दुकानात जाऊ’ म्हणत गल्लीत आणायचं, आणि ऐन दारातून वळवून शेजारी दादाकडे. परतताना म्हणायचं, आता उशीर झाला, दुकान पुढच्या वेळी. म्हणजे पोराच्या वाट्याला गेंडा आला, सुई आली, खेळणं काही आलं नाही. मुलं काय दूधखुळी असतात? बघता बघता गेंडा दिसला की रडायचं, असं ठरूनच गेलं. गल्लीच्या तोंडाशी एकाने सूर लावला की मागून येणारे सगळे साथ धरतात. पुढे बालवाडीतून बातमी सगळीकडे पसरली, की गेंड्याच्या दुकानात नेतात आणि टोचतात. ज्यांनी आमचं दुकान डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ती पोरंही टीव्हीवर आमची जाहिरात लागली की टेबलाखाली जातात. आया जेवताना दटावतात, घास घेतोस की नेऊ गेंड्याकडे? इतर दुकानदार तर आमची खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवतात म्हणे.

मी हातावर हात ठेवून बसलो असं समजू नकोस. गेंड्यावर चादर घातली. तर चादरीखाली काहीतरी मोठं दबा धरून उभं आहे एवढंच मुलांना कळलं, आणि ते जास्तच वाईट झालं. मग बायकोने सुचवलं (आता ती साफ नाकारते) म्हणून गेंड्याच्या दंडावर औषधाची पट्टी चिकटवली, की बघा, यानेही टोचून घेतलंय आणि कसा हसतोय! मुलांनी त्यातून अर्थ काढला की एवढ्या जाड कातडीच्या गेंड्यालाही सोडत नाहीत. शेवटी साहेबांच्या हुकमावरून मीच गेंड्याचा पोशाख चढवून दारात उभा राहायला लागलो. त्याचं डोकं एवढं जड आहे की उजव्या हाताने सारखं सावरावं लागतं. दंड असा ठणकतो की घरी आलो की कण्हत बाम चोळत बसतो. काल एका आजोबांनी नातवाला धीर यावा म्हणून मला छत्रीने बडवलं. नातू खदखदून हसला. कित्येक दिवसांत आमच्या दारात हसलेलं ते पहिलं मूल, आणि ते काही न घेता गेलं. दादाचं म्हणशील तर तोही वैतागलाय. पूर्वी पोरं टोचल्यावर रडायची, आता गल्लीपासूनच रडत येतात, त्यामुळे त्याला छातीतला आवाजच ऐकू येत नाही. तो मला बोल लावतो, मी त्याला. सध्या आमचं बोलणं बंद आहे. आणि साहेबांनी बजावलंय, महिनाअखेर दुकानात हसणारी मुलं दाखव, नाहीतर गेंडा आणि तू, दोघंही गोदामात.

ते गोदामाचं काय व्हायचं ते होवो. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण पोटची पोर मला बघून पलंगाखाली शिरते, त्याला मी काय करू? मुलांना हसवायचा धंदा माझा, आणि हात दाखवून अवलक्षण ते हे असं करून घेतलंय. तू ये. आजच्या आज, मिळेल त्या गाडीने ये. ढमी तुझ्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे, तिच्याशी खरं बोलणारी सगळ्या घराण्यात तू एकटीच. तिला सांग, तुझा बाप गाढव असेल, पण वाईट नाही. काकांना नमस्कार.

तुझा फरशीवरचा भाचा

ता. क. – मूळ काम लिहायचं राहिलंच. येताना दादाकडे उतर आणि त्याला सांग, की दवाखाना पलीकडच्या गल्लीत हलव. मी सांगितलं तर तो अंगावर येईल. तुझ्यापुढे त्याची अजून टाप नाही. कारण मात्र तुझ्या गुडघ्यांचं सांग, माझं नाव काढू नकोस.

आणखी एक – आत्ता साहेबांचा फोन उचलावा लागला. दादाला काही सांगू नकोस. साहेब म्हणाले, चावी राहू दे, ती जागाच सोडून देऊ, मला दुसरी नामी जागा सापडलीय. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरशेजारी. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेवटचं – पाकीट चिकटवणार, तेवढ्यात ढमी आपणहून पलंगाखालून बाहेर आली. माझ्याशेजारी फरशीवर बसली, माझा उजवा दंड दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर फुंकर घालायला लागली, तू घातली होतीस तशीच, गाल फुगवून. मग विचारते, बाबा, तुला रोज टोचतात ना? मावशी, तिला वाटतंय मी रोज टोचून घ्यायला जातो! सकाळी रडते ती त्यासाठी. टोपी, ओळखपत्र, बूट, चावी, सगळं पलंगाखालच्या ट्रंकेमागे लपवून ठेवलंय, मला जाताच येऊ नये म्हणून. आणि मी त्याला राग समजत होतो. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण फुंकर चालू होती. म्हणालो, हो गं, रोज टोचतात, फार दुखतं. चावी (गाळा परत करताना ती लागेलच) ती म्हणते फक्त आजीलाच देणार. तेव्हा तुला यायला तर हवंच. पण तू आलीस की पहिल्या झटक्याला तिला खरं सांगून टाकशील, तुझा काही भरवसा नाही. म्हणून वर ते आजच्या आज लिहिलंय ना, ते खोडलं असं समज. काकांचा खोकला पुरता बरा होऊ दे, गुडघ्यांना आराम पडू दे, आणि मग सावकाश ये.