दोर न दिलेली होडी

२१ ऑगस्ट १९८६, गुरुवार
मी सांगते, सून सुलू लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला सासूसमोर तोंड उघडता येत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होतं.
नारळी पौर्णिमा झाली. गोव्याच्या ट्रॉलरचा म्होरक्या, तांडेल, चतुर्थीच्या आधी बाबनला खलाशी म्हणून न्यायला येणार. पावसाळ्यात घरी, मग आठ-नऊ महिने तिकडे. लेक माझा, पण मला पावसापुरताच मिळतो. आज त्याच्याच लेकीने, नंदीने, विचारलं, "आजये, तो पाहुणो कधी जातलो?" चार वर्षांची आहे. बाबन पायरीवर जाळं विणत होता. ऐकलं त्याने.
जेवताना स्वतःच म्हणाला, आचऱ्याला एक जुनी होडी विकायची आहे म्हणतात. आपली होडी असली तर…


२३ ऑगस्ट, शनिवार
एस.टी.ने आचऱ्याला. मी बरोबर गेले. बाबन नको म्हणत होता. नको म्हटलं की मी जातेच.
होडीवाला भिकाजी, माझ्याच वयाचा. मुलगे नाहीत, हात थकले. होडी दोन वर्षं माडाच्या झापांखाली उपडी पडलेली. लहानशी, तीन माणसांची. केसांतला आकडा काढून मी फळीफळीत टोचून पाहिला. कुठेच आत गेला नाही. लाकूड कुजलेलं नाही, फक्त वाळलेलं.
भिकाजी म्हणाला, "म्हातारे, होडी बघतंस काय सून?"
म्हटलं, "सून बघताना इतक्या वाकान बघूक नाय."
(सुलूने इथे लिहायचं थांबवलं. लिही म्हटलं, खरं आहे ते.)
त्याने सांगितलेली किंमत आमच्या ऐपतीच्या वर. मी पदर सावरून एस.टी.च्या वाटेला लागले. माडापर्यंत पोचले तेव्हा त्याने हाक मारली.

२५ ऑगस्ट, सोमवार
होडी आमची झाली. नारळ फोडला, कुंकू लावलं. पण भिकाजीने दोर सोडून घेतला. "होडी न्हेवा, पण दोर मी देवचंय नाय. गाय इकल्यार दावां देतत काय?"
गाय देतात, दावं ठेवतात, म्हणजे घरची लक्ष्मी जात नाही. होडीला हे मी पहिल्यांदा ऐकलं. पण त्याचे डोळे बघून वाद घातला नाही. ती त्याची गायच होती.
बाबनला घाई. आजच्या आज पाण्यात लोटायची, संध्याकाळपर्यंत आपल्या खाडीत न्यायची. मी म्हटलं, दोन वर्षं सुकली ती, आधी काठाला बुडवून ठेव, पाणी पिऊ दे. ऐकतोय कोण. मुहूर्त चांगला म्हणे.
आचऱ्याच्या खाडीत घातली. फोडलेल्या नारळाचं पाणी सुकलं नव्हतं अजून, तर फटीफटीतून पाणी आत. बाबन मांडीपर्यंत भिजून वर आला. "आये, ही होडी नाय, चाळण आसा. माका फसवल्यान." भिकाजी काठावर उभा, हातात दोर.
बांधायला काही नाही. बाबनने आपला पंचा काढला, होडी खुंटाला बांधली. येताना एस.टी.त खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तांडेलाक निरोप धाडूक व्हयो, मी येतंय म्हणान."
मी बोलले असते तर रडू आलं असतं, आणि एस.टी.त मी रडत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
बाबन सकाळी आचऱ्याला. दुपारी परत. होडी नाही. खुंट आहे, अर्धा पंचा आहे. भरतीने नेली.
सुलूने भात वाढला, कोणी जेवलं नाही. नंदी जेवली.

२७ ऑगस्ट
बाबन खाडीकाठाने शोधतोय. भिकाजीपण सोबत, चिखलात, त्या वयात. सुलू देवासमोर बसून. मी खारवलेले बांगडे उन्हात घातले. कोणी तरी काही तरी करायला हवं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
गावली.
कुर्ल्या-खेकडे धरणाऱ्या एका बाईने पाहिली, तिवरांच्या झाडीत रुतलेली, काठोकाठ पाण्याने भरलेली. बाबन आणि भिकाजी दोघांनी मिळून उपसली. उपसली आणि थांबले. पाणी परत येईना. लाकूड फुगलं, फटी मिटल्या. तीन दिवस चिखलात बसून होडीने माझं ऐकलं, लेकाने ऐकलं नाही ते.
बाबन घरी आला तो चिखलाने नुसता माखलेला, आणि हसत होता. किती दिवसांनी…
सुलू आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. चुलीला धूर फार, म्हणाली. चूल विझलेली होती.

२९ ऑगस्ट
होडी आमच्या खाडीत आली. भिकाजी स्वतः बाबनबरोबर होडीत बसून आला. मालवणच्या बाजारातून नवा दोर आणलाय. चहा पिताना भिकाजी मान खाली घालून म्हणाला, दोर दिला असता तर हे झालं नसतं.
म्हटलं, "दोर दिलो असतंस तर होडी अजून गळत ऱ्हवली असती. पी चाय."

१ सप्टेंबर, सोमवार
पहाटे बाबन आणि शेजारचा एक दर्यात. दहाच्या सुमारास परत. टोपलीच्या तळाला पेडवे, चार सौंदाळे. गावात विकण्याइतके नाहीत, घरी खाण्याहून जास्त. सुलू म्हणाली, किती छान. नवऱ्याची मासळी तिला कधी लहान दिसली नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
तांडेल आला. बाबन घरात नव्हता.
"बाबन खंय गेलो?"
"दर्यात," मी म्हटलं. "आपल्या होडयेन."
इतकं साधं वाक्य, पण दोन घोट पाणी प्यावं लागलं. तांडेल वाईट माणूस नाही. म्हणाला, यंदा पगार वाढवलाय, चतुर्थी झाली की पुन्हा येतो, त्याला विचारा. म्हटलं ये, मोदक खाऊन जा.
बाबन आला, जेवला, जाळं पसरून बसला, तिथेच झोपला. तांडेल येऊन गेल्याचं मी सांगितलं नाही. सुलूनेही नाही. ती लग्न होऊन आल्यापासून आमचं दोघींचं हे पहिलं एकमत.
सुलू विचारते, आई, हे लिहू काय? लिही गो. तो थोडाच वाचणार. बाजारात उद्या कोणी तरी सांगेलच त्याला. पगार खरंच वाढलाय, आणि पेडवे खरंच थोडे होते.
उद्याचं उद्या. आता तो घोरतोय, आणि मी दिवस मोजत नाही, नुसती ऐकतेय.